सिक्थक : प्राचीन भारतीय ओष्ठसंस्कारातील मेणाचे स्थान

वात्स्यायनाने कामसूत्राच्या पहिल्या अधिकरणात नागरकाच्या शयनगृहाचे जे वर्णन केले आहे, त्यात शय्येच्या शिरोभागी असलेल्या वेदिकेवर कोणत्या वस्तू असाव्यात याची एक लहानशी यादी आहे. रात्रीची उरलेली उटी, पुष्पमाला, सुगंधी द्रव्यांची पुडी, महाळुंगाच्या साली, तांबूल आणि या सर्वांबरोबर 'सिक्थकरंडक', म्हणजे मेण ठेवण्याची डबी. याच प्रकरणात थोडे पुढे नागरकाचा प्रातःकालीन क्रम येतो. दंतधावन झाल्यावर त्याने बेताची उटी लावावी, धूप घ्यावा, माला धारण करावी, सिक्थक आणि अलक्तक यांचा उपयोग करावा, आरशात मुख पाहावे, मुखवास व तांबूल घ्यावा आणि मग आपल्या कामास लागावे. कामसूत्राचा काळ सामान्यतः इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकाच्या सुमारास मानला जातो. ओठांना मेण लावण्याच्या प्रथेचा इतक्या निःसंदिग्ध शब्दांत केलेला व दैनंदिन व्यवहाराशी जोडलेला उल्लेख प्राचीन वाङ्मयात विरळाच.

प्राचीन प्रसाधनांविषयी लिहिताना या उल्लेखाची दखल बहुधा एका वाक्यात घेतली जाते. ओठ अळित्याने रंगवीत आणि तो रंग टिकावा म्हणून वर मेण फिरवीत, एवढे सांगितले की विषय संपतो. मेणाला अशा रीतीने रंगाचे केवळ सहायक मानले की त्याचा अभ्यास शृंगारसाधनांच्या इतिहासात जमा होतो आणि दुसरीकडे वैद्यकग्रंथांत ओठ फुटण्यावर सांगितलेला मेणाचा उपयोग हा रोगचिकित्सेचा निराळा विषय ठरतो. एकच द्रव्य, एकच अवयव, पण इतिहास दोन. ही विभागणी मूळ साधनांना कितपत मान्य आहे, हे तपासून पाहणे आवश्यक आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. अमरकोशात 'मधूच्छिष्ट' आणि 'सिक्थक' हे पर्याय म्हणून दिले आहेत. मधूच्छिष्ट म्हणजे मध काढून घेतल्यावर उरलेले. हा शब्द आपला अर्थ आपणच सांगतो. सिक्थ या शब्दाची गोष्ट थोडी वेगळी आहे. सिक्थ म्हणजे मेण, तसेच सिक्थ म्हणजे शिजलेल्या भाताचा कण. मराठीत या शब्दाचा दुसरा अर्थ तेवढा जिवंत राहिला. पानात एक शीतही टाकू नये असे घराघरांतून सांगतात, ते 'शीत' या सिक्थापासूनच आलेले आहे. मेणाचा अर्थ मात्र मराठीने निराळ्या शब्दाकडे सोपविला. मेणाचे आणखी एक संस्कृत नाव 'मदन'. त्याचे प्राकृतात 'मयण' झाले आणि मयणापासून मराठी 'मेण' सिद्ध झाला. त्यामुळे आजच्या मराठी वाचकाला सिक्थकरंडक हा शब्द वाचून मेणाची डबी आठवत नाही, आठवलाच तर भात आठवतो.

वात्स्यायनाच्या ग्रंथातच एक सूक्ष्म भेद दिसतो, त्याकडे लक्ष वेधले पाहिजे. कन्येचे मन वळविण्यासाठी द्यावयाच्या खेळण्यांची यादी तिसऱ्या अधिकरणात आहे. तिच्यात सूत, लाकूड, शिंग व हस्तिदंत यांच्या बाहुल्यांबरोबर मेण, पीठ आणि माती यांच्याही बाहुल्या आहेत. तेथे मेणासाठी वापरलेला शब्द मधूच्छिष्ट हा आहे. ओठांच्या आणि डबीच्या संदर्भात मात्र दोन्ही ठिकाणी सिक्थक हाच शब्द येतो. कोशकाराने हे शब्द समानार्थी ठरविले असले, तरी व्यवहारात कच्चे मेण आणि ओठांसाठी सिद्ध केलेले मेण असा काही भेद या दोन शब्दांमागे असणे अशक्य नाही. दोन-तीन स्थळांवरून याहून मोठे अनुमान काढणे मात्र धाडसाचे होईल.

मेण नुसते कधीच ओठांना लावता येत नाही. मधमाशीचे मेण सुमारे ६२ ते ६५ अंश सेल्सियस तापमानास वितळते. सामान्य उष्णतेत ते कठीण असते आणि ओठांवर घासले तर पसरण्याऐवजी ओढ घेते. तेल किंवा तूप यांच्याशी ते वितळवून एकजीव केले म्हणजेच त्यास मऊपणा येतो. हे मिश्रण भारतात फार जुने आहे, याचा पुरावा पाली विनयपिटकात मिळतो. चुल्लवग्गाच्या पाचव्या खंधकात षड्वर्गीय भिक्षूंनी केस चापून बसविण्यासाठी कोणकोणते उपाय योजले आणि त्यांस कसा प्रतिबंध करण्यात आला, याची कथा आहे. त्या उपायांत 'सित्थतेलक' हे नाव येते. सित्थतेलक म्हणजेच सिक्थतैल. ते तेथे ओठांसाठी नसून केसांसाठी आहे, हे खरे. तथापि मेण व तेल एकत्र करून अंगास लावण्याचे लेपद्रव्य त्या काळी सर्वज्ञात होते आणि ते गृहस्थांच्या चैनीत मोडत होते, एवढे त्यावरून निश्चित होते. नियमग्रंथातील निषेध हा समाजाच्या सवयींचा पुष्कळदा सर्वोत्तम साक्षीदार असतो.

दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन याच्या नावावर मेण, गुलाबतेल व पाणी यांचा जो लेप प्रसिद्ध आहे आणि ज्यापासून पुढे युरोपातील 'कोल्ड क्रीम' निघाले, त्याच्याशी सिक्थतैलाचे साम्य उघड आहे. त्यावरून कोणी कोणाकडून घेतले हा प्रश्न उपस्थित करण्याचे प्रयोजन नाही. जेथे मधमाशी आहे आणि तेलाचा घाणा आहे, तेथे हा योग स्वतंत्रपणे सुचण्यासारखा आहे.

मेण व लाख यांचा व्यापार कसा चाले, याविषयी एक उद्बोधक उल्लेख याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायात आहे. आपत्काली वैश्यवृत्तीने उपजीविका करावी लागली तरी ब्राह्मणाने कोणत्या वस्तू विकू नयेत, याची यादी तेथे दिली आहे. तिच्यात शस्त्र आणि आसव यांच्या पाठोपाठ मधूच्छिष्ट, मध आणि लाक्षा ही एकापुढे एक येतात. नागरकाच्या आरशासमोरील सिक्थक व अलक्तक हीच जोडी येथे बाजाराच्या बाजूने दिसते. दोन्ही वने व वनचर यांच्याकडून येणारी, दोन्ही कीटकांनी निर्माण केलेली आणि दोन्ही नगरात खपणारी. स्मृतिकाराने ती एकत्र का घातली, याचे कारण शौचाशौचाच्या कल्पनेत शोधावे की केवळ वाण्याच्या दुकानातील शेजारात, हे सांगता येत नाही. परंतु ज्या वस्तूची विक्री निषिद्ध करावी लागते तिला गिऱ्हाईक असते, हे निराळे सांगावयास नको.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. मूळ सूत्रात सिक्थक आधी आणि अलक्तक नंतर आले आहे. तेराव्या शतकातील टीकाकार यशोधर मात्र जयमंगला टीकेत हा क्रम उलट लावतो. किंचित ओलसर केलेल्या अळित्याच्या पिंडाने ओठ घासावेत, तांबूल घ्यावा आणि त्यानंतर मेणाची गुटिका ओठांवर लावावी, असा क्रम तो सांगतो. पाठक्रमापेक्षा अर्थक्रम बलवत्तर, हा मीमांसेतील सुपरिचित न्याय येथे लागू पडतो काय? द्रव्यांचा स्वभाव पाहिला तर लागू पडतो असेच म्हणावे लागते. अळित्याचा रंग पाण्याने भिजवून लावावयाचा. मेणाचा थर आधी बसला तर त्यावर ओला रंग धरणार नाही. म्हणून रंग आधी व मेण नंतर, हे यशोधराचे म्हणणे ग्राह्य आहे. 'गुटिका' या त्याच्या शब्दावरून आणखी एक गोष्ट कळते. निदान त्याच्या काळी तरी ओठांचे मेण बोटाने घ्यावयाच्या पातळ लेपाच्या स्वरूपात नसून हातात धरून थेट ओठांवर लावता येईल अशा घट्ट गोळीच्या स्वरूपात होते.

परंतु यशोधराचा क्रम मान्य केला म्हणून मेणाचे प्रयोजन रंग टिकविण्यापुरतेच होते, असे सिद्ध होत नाही. येथेच शय्येजवळच्या वेदिकेवरील यादी महत्त्वाची ठरते. त्या यादीत मेणाची डबी आहे, अलक्तक नाही. उटी, माळ, सुगंधी पुडी, महाळुंगाची साल, विडा या वस्तूंपैकी प्रत्येक वस्तू रात्रीच्या किंवा पहाटेच्या उपयोगाची आहे. महाळुंगाची साल मुखाची दुर्गंधी घालविण्यासाठी, विडा मुखशुद्धीसाठी. या संगतीत मेण येते आणि तेही रंगाशिवाय येते. रंगाचे सहायक एवढेच त्याचे स्थान असते तर ते अलक्तकाच्या पात्राशेजारी, आरशापाशी असावयास हवे होते. शिरोभागी, हाताशी ठेवलेले मेण हे ओठ मऊ राखण्यासाठीच असले पाहिजे, हे अनुमान या यादीतून सरळ निघते. कोणी असे म्हणेल की वात्स्यायनाच्या याद्या इतक्या काटेकोर नसतात आणि अलक्तकाचा अनुल्लेख हा केवळ योगायोग असेल. हा आक्षेप सर्वस्वी टाकाऊ नाही. त्याचे निरसन कामसूत्राबाहेरील पुराव्यानेच व्हावयास हवे.

तो पुरावा कालिदासाच्या कुमारसंभवात दोन ठिकाणी सापडतो. सातव्या सर्गात पार्वतीच्या विवाहप्रसाधनाचे वर्णन आहे. तिच्या अधरोष्ठाविषयी कवी सांगतो की, मध्यरेषेने विभागलेल्या त्या ओठाचा रंग किंचित मधूच्छिष्टाने 'विमृष्ट' झाला होता. विमृष्ट या पदाचा अर्थ पुसलेला, चोळलेला, उजळलेला अशा छटांनी करता येतो. कोणतीही छटा घेतली तरी नववधूच्या ओठावर मेणाचा हात फिरला आहे, यात शंका राहत नाही. येथे 'राग' शब्द असल्यामुळे मेण आणि रंग यांचा संबंध पुन्हा पुढे येतो. पण या प्रसंगी लाक्षारसाचा उल्लेख ओठांच्या संदर्भात नाही. तो ओठाचा स्वाभाविक रंग मानण्यास प्रत्यवाय नाही. 'किंचित' हे विशेषणही विचारात घेण्याजोगे आहे. मेण जास्त झाले तर ओठ तुपकट दिसतो, हे कवीला ठाऊक होते.

दुसरे स्थळ तिसऱ्या सर्गातील अकालवसंताच्या वर्णनात आहे आणि सिक्थकाच्या चर्चेत त्याचा विचार सहसा होत नाही. हिमालयावर अवचित वसंत अवतरला तेव्हा किंपुरुषांच्या स्त्रियांमध्ये काय पालट झाला, हे सांगताना कवी पहिली गोष्ट सांगतो ती ओठांची : हिम ओसरल्यामुळे त्यांचे अधर 'विशद' झाले. मुखाची कांती फिकट झाली आणि पत्ररचनेवर घाम येऊ लागला, या गोष्टी त्यानंतरच्या. हिम गेल्याने ओठ विशद होतात, याचा अर्थ हिम असताना ते तसे नव्हते. थंडीत ओठ फुटतात, खरखरीत होतात, त्यांवर लेप ठेवावा लागतो आणि उष्मा येताच या सर्वांतून ते मोकळे होतात, ही अनुभवाची गोष्ट कवीने एका पदात सांगितली आहे. विशद म्हणजे केवळ उजळ, असा अर्थ करून ही छटा नाकारता येईल. परंतु मग 'हिमव्यपाय' हे कारण देण्याचे प्रयोजन उरत नाही. ज्या कवीने तिसऱ्या सर्गात थंडी व ओठ यांचा कार्यकारणभाव सांगितला, त्यानेच सातव्या सर्गात हिमवानाच्या नगरातील वधूच्या ओठावर मेण ठेवले आहे, ही संगती दुर्लक्षिण्यासारखी नाही.

वैद्यकग्रंथांकडे वळले की विषय अधिक ठाम भूमीवर येतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वातामुळे होणाऱ्या ऐंशी विकारांची गणना आहे, तिच्यात 'ओष्ठभेद' म्हणजे ओठ फुटणे याची स्वतंत्र नोंद आहे. त्याच स्थानातील पाचव्या अध्यायात नित्य तैलगंडूष, म्हणजे तोंडात तेल धरण्याची दिनचर्या सांगताना, त्यामुळे कंठ कोरडा पडत नाही आणि ओठ फुटण्याचे भय राहत नाही, असे फळ सांगितले आहे. येथे ओठांची काळजी ही रोग झाल्यानंतरची चिकित्सा नसून निरोगी माणसाने रोज करावयाचा संस्कार आहे. नागरकाचे दंतधावन, तांबूल व सिक्थक आणि चरकाचे दंतधावन, गंडूष व अभ्यंग ही दोन दिनचर्येची चित्रे एकमेकांशेजारी ठेवली तर प्रसाधन व आरोग्य यांच्यामध्ये आज जी भिंत घातली जाते, ती त्या काळी होती काय, असा प्रश्न पडतो.

सुश्रुताने निदानस्थानाच्या सोळाव्या अध्यायात ओठांचे आठ रोग सांगितले आहेत. वात, पित्त, कफ, सन्निपात, रक्त, मांस, मेद आणि अभिघात अशी त्यांची कारणे. वातज प्रकाराचे वर्णन वाचताना वैद्याने रुग्ण समोर बसवून लिहिले असावे असे वाटते. ओठ कर्कश, परुष व ताठ होतात, काळपट पडतात, तीव्र वेदना होतात, ते चिरतात आणि त्यांची सालपटे निघतात. मराठीत ज्यास ओठ उलणे म्हणतात, ते हेच. चिकित्सास्थानाच्या बाविसाव्या अध्यायात यावर पहिला उपाय सांगितला आहे तो असा : तूप, तेल, वसा व मज्जा या चारही स्नेहांत मेण मिसळून ओठांना अभ्यंग करावा आणि नाडीस्वेद द्यावा. पुढे श्रीवेष्टक, राळ, देवदार, गुग्गुळ आणि ज्येष्ठमध यांचे चूर्ण ओठांवर घासण्यास सांगितले आहे. सातव्या शतकाच्या सुमाराचा वाग्भट अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात ओठांचे रोग अकरा मोजतो. त्यात 'खंडौष्ठ' म्हणजे दुभंगलेला ओठ हा येतो आणि त्याच्या कडा खरवडून शिवण्याचा शल्योपाय दिलेला आहे. वातज ओठावर मात्र त्याचा उपाय सुश्रुताच्याच वाटेने जातो. राळ, मेण, गुग्गुळ व देवदार यांनी सिद्ध केलेल्या महास्नेहात कापसाचा पिचू भिजवून तो ओठांवर ठेवावा, असे तो सांगतो. दोन्ही आचार्यांच्या योगांत मेण समान आहे. विशेष म्हणजे पित्तज, कफज इत्यादी प्रकारांच्या चिकित्सेची दिशा निराळी आहे. मेदोज ओठावर तर भेदन, शोधन व अग्निकर्म सांगितले आहे. सुश्रुताने मेण सरसकट प्रत्येक ओठावर थापलेले नाही. रूक्षता आणि फुटणे जेथे आहे, तेथेच ते योजिले आहे.

या निवडीमागे कोणते निरीक्षण असावे, हे आजच्या शरीरविज्ञानाच्या साहाय्याने सांगता येते. ओठांच्या तांबूस भागावरील त्वचेचा बाह्य थर अत्यंत पातळ असतो. तेथे घर्मग्रंथी नसतात आणि स्निग्ध द्रव स्रवणाऱ्या ग्रंथीही बहुधा नसतात. त्यामुळे शरीराच्या इतर भागांस जे नैसर्गिक तेलाचे आवरण मिळते ते ओठांस मिळत नाही आणि कोरड्या, थंड वाऱ्यात ओठांतील ओलावा झपाट्याने उडून जातो. जिभेने ओठ ओले केले तर क्षणभर बरे वाटते. पण ती लाळ सुकताना असलेला ओलावाही घेऊन जाते आणि ओठ अधिकच फुटतात. मेण ओलावा निर्माण करीत नाही, ते असलेला ओलावा अडवून धरते. नुसते तूप किंवा तेल थोड्या वेळात पुसले जाते. मेणाने त्यास घट्टपणा येतो व थर टिकतो. स्नेहाने मार्दव आणि मेणाने स्थैर्य, अशी ही कामाची वाटणी आहे. वाताच्या रूक्ष व शीत या गुणांविरुद्ध स्निग्ध द्रव्याची योजना करणारा वैद्य वेगळ्या परिभाषेत हीच गोष्ट बोलत होता. परिभाषेचे हे भाषांतर फार ताणू नये हे खरे. परंतु द्रव्य व त्याचे कार्य यांचे निरीक्षण अचूक होते, हे मान्य करण्यास परिभाषा आड येत नाही.

दख्खनच्या इतिहासात मधूच्छिष्ट हा शब्द प्रामुख्याने भेटतो तो मात्र अगदी वेगळ्या संदर्भात. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लासात मेणाची प्रतिमा घडवून तीवर मातीचे लेप देणे, मेण वितळवून काढणे आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतणे या मूर्तिविधानाचे तपशीलवार वर्णन आहे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील या ग्रंथामुळे शिल्पाच्या अभ्यासकांना हा शब्द परिचित झाला. मेणाचा जो गुण मूर्तिकाराला हवा तोच ओठांनाही उपयोगी पडतो, ही गंमत नोंदविण्यासारखी आहे : थोड्या उष्णतेने नमणे आणि दिलेला आकार धरून ठेवणे.

महाराष्ट्र व गोमंतक यांच्या किनारपट्टीवर या संस्काराने एक निराळे द्रव्य स्वीकारले. कोकणात रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या बियांपासून जो घट्ट स्नेह निघतो त्यास कोकमतेल म्हणतात. भिरंडेल व मुठेल ही त्याची स्थानिक नावे. तेल असे नाव असले तरी सामान्य उष्णतेत तो मेणासारखा कठीण असतो. तो सुमारे ४० अंश सेल्सियसला, म्हणजे शरीराच्या उष्णतेहून किंचित वर, वितळतो. याचा अर्थ असा की निसर्गाने येथे मेण आणि तेल यांचे मिश्रण आयतेच करून ठेवले आहे. मेण शोधावयास रानात आग्या मोहोळाखाली जाण्याची गरज नाही, की ते तेलात कढविण्याची गरज नाही. गोळा घ्यावा, बोटाच्या उबेने चोळावा आणि ओठांना लावावा. भेगाळलेल्या टाचांना, हातांना व ओठांना कोकमतेल लावण्याची चाल कोकणातील घरांत पूर्वापार आहे. गार्सिया द ओर्ता याने गोव्यात १५६३ साली छापलेल्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात या आंबट फळाची 'ब्रिंदाँव' या नावाने नोंद केली आहे. १८६८ साली प्रसिद्ध झालेल्या 'फार्माकोपिया ऑफ इंडिया' या ग्रंथात कोकमतेलास लेपोपयोगी स्नेह म्हणून स्थान मिळाले. त्या काळच्या औषधशास्त्रज्ञांना मलमांसाठी चरबीऐवजी असा कठीण, पांढरा आणि लवकर न खवटणारा वनस्पतिस्नेह हवाच होता.

घाटावर मात्र तूप, लोणी व साय यांचाच आधार होता. घाटावरील व किनाऱ्यावरील घरांत समान असलेला आणखी एक उपचार म्हणजे ओठ फुटले असता बेंबीत तेल किंवा तूप सोडणे. या उपचारास शास्त्राधार शोधण्याचा मोह अनेकांना होतो. सुश्रुताच्या शारीरस्थानात सातशे सिरांचे मूळ नाभी आहे असे सांगितले आहे आणि नाभीत घातलेला स्नेह सिरांच्या द्वारे सर्वत्र पोहोचतो, ही समजूत त्या कल्पनेवरून निघाली असणे शक्य आहे. पण सुश्रुताने किंवा वाग्भटाने ओष्ठरोगाच्या चिकित्सेत नाभीचा उल्लेख केलेला नाही. त्यांनी स्नेह ओठांनाच लावण्यास सांगितले आहे. तेव्हा लोकोपचाराला शास्त्रवचनाचे पाठबळ आहे, असे विधान करताना सावधगिरी बाळगली पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या द्रव्याच्या इतिहासाने वळण घेतले. रॉबर्ट चेसबरो याने अमेरिकेत १८७२ साली खनिज तेलापासून काढलेल्या व्हॅसलीनचे एकस्व घेतले आणि मधमाशी व गाय या दोघांवाचून ओठांवर आवरण घालण्याचे साधन उपलब्ध झाले. त्यानंतरच्या दशकात व्हर्जिनिया राज्यातील लिंचबर्ग येथे चार्ल्स फ्लीट याने ओठांसाठी एक कांडी तयार केली. वात नसलेल्या छोट्या मेणबत्तीसारखी दिसणारी ही कांडी कथलाच्या वर्खात गुंडाळलेली असे. तिचा खप होईना, म्हणून १९१२ साली त्याने तिचे सर्व हक्क जॉन मॉर्टन या आपल्या गावकऱ्यास अवघ्या पाच डॉलरांना विकले. मॉर्टनच्या पत्नीने स्वयंपाकघरात ते मिश्रण वितळवून कांड्या पाडण्यास आरंभ केला आणि 'चॅपस्टिक' हे नाव जगभर गेले. हातात धरून थेट ओठांवर फिरविण्याच्या या कांडीची कल्पना नवी म्हणून गाजली. यशोधराची सिक्थकगुटिका तिच्याहून सुमारे सहाशे वर्षांनी जुनी आहे.

ओठ फुटण्याच्या कारणांविषयीचे ज्ञान मात्र मेणाच्या इतिहासातून पुढे गेले नाही, ते आहाराच्या अभ्यासातून गेले. कुन्नूर येथील पोषणसंशोधनशाळेत डब्ल्यू. आर. एक्रॉइड आणि त्यांचे सहकारी यांनी १९३० नंतरच्या दशकात दक्षिण भारतातील निकृष्ट तांदळावर वाढणाऱ्या मुलांच्या तोंडाच्या कोपऱ्यांत पडणाऱ्या चिरांचा अभ्यास केला. १९३८ साली अमेरिकेत सेब्रेल व बटलर यांनी रिबोफ्लेव्हिन या जीवनसत्त्वाच्या अभावी मनुष्याच्या ओठांवर अशाच चिरा पडतात, हे प्रयोगाने दाखविले. ओठांच्या संधीस संस्कृतात 'सृक्किणी' असे स्वतंत्र नाव आहे. तेथील चिरा आणि थंड वाऱ्याने ओठांच्या मध्यभागी पडणाऱ्या चिरा दिसण्यात सारख्या असल्या तरी त्यांचे मूळ एक नाही. पहिल्या प्रकारावर मेणाचा कितीही जाड थर दिला तरी तो केवळ दुखणे झाकतो. दूध, डाळी व पालेभाज्या ज्या घरात पोहोचत नाहीत, तेथील मुलाच्या ओठांना सिक्थकरंडकाचा उपयोग नाही. प्राचीन नागरकाच्या वेदिकेवरील वस्तूंचा अभ्यास करताना हेही ध्यानात ठेवावे लागते की, तो भरल्या घरातील, वर्षभर तूप खाणारा पुरुष होता. त्याचे ओठ फुटत होते ते वाऱ्यानेच.

सुश्रुताने ओष्ठरोगांचे कारणपरत्वे आठ भाग पाडले आणि त्यांतील एकाच प्रकारावर मेण सांगितले, त्याचे महत्त्व येथे पुन्हा जाणवते. पुढील संग्रहग्रंथांत आणि घरगुती औषधांच्या पुस्तकांत ही मर्यादा हळूहळू पुसट होत गेली आणि ओठ फुटले की मेण किंवा तूप असा सरसकट उपाय रूढ झाला. वातज प्रकारातील चार स्नेहांपैकी वसा व मज्जा घरगुती व्यवहारातून गळाल्या, तेल व तूप उरले. कोकणात त्या दोहोंची जागा पुष्कळ अंशी मुठेलाने घेतली. रातांबे वैशाखात पिकतात, त्यांची साल आमसुलांसाठी जाते, बिया धुऊन वाळवून ठेवतात आणि सवडीने फोडून, कुटून, पाण्यात कढवून वर आलेला स्नेह काढून घेतात. मुठीने वळलेले त्याचे गोळे मार्गशीर्षात वारा फिरेपर्यंत फडताळात पडून असतात.